गिरणगावातील घरगुती विस्तव : काळाचौकी परिसरातील चूल, शेगडी आणि खोली

(१)

थंड प्रदेशांतील घरांच्या इतिहासात भिंतीत बांधलेल्या धुराड्याच्या शेकघराला जे स्थान आहे, ते मुंबईच्या घराच्या इतिहासात कशालाच नाही. मुंबईचा हिवाळा सौम्य असतो. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझ येथे पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला, तो दिवस अपवाद म्हणूनच नोंदला गेला. तथापि घरात विस्तव बाळगणे, तो राखणे आणि त्यापासून घराचे रक्षण करणे हा प्रश्न येथेही होताच. किंबहुना एका खोलीत संसार करणाऱ्या गिरणी कामगारांच्या वस्तीत तो अधिक बिकट होता. काळाचौकी, लालबाग, परळ आणि शिवडी या पट्ट्यात विस्तव तीन कामांसाठी घरात असे : स्वयंपाकासाठी, आंघोळीचे पाणी तापविण्यासाठी आणि शेकण्यासाठी. यांपैकी तिसरे काम थंडीच्या दिवसांत, आजारपणात आणि विशेषतः बाळंतपणात पडे.

या विस्तवाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास कागदपत्रांचा आधार थोडका मिळतो. चूल ही बायकांच्या हातची वस्तू. तिची दखल सरकारी दप्तराने क्वचितच घेतली. परंतु भाषेने ती घेतली आहे. सरपणाची, भांड्यांची, धुराची आणि जागांची नावे एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे विस्तव कोठून आला, कोठे ठेवला गेला आणि त्याचा धोका कोणत्या रूपात ओळखला गेला अथवा ओळखला गेला नाही, याचा बराचसा उलगडा होतो.

(२)

प्रथम सरपणाचा मार्ग पाहू. काळाचौकीच्या पूर्वेस समुद्राच्या बाजूला जी जुनी बंदरे आणि धक्के होते, त्यांची नावे आजही रस्त्यांना आणि वस्त्यांना चिकटून आहेत : लकडी बंदर, कोळसा बंदर, कौला बंदर, हे बंदर, दारूखाना. यांतील 'हे' हे दर्शक सर्वनाम नसून वाळल्या गवताचा वाचक असा इंग्रजी शब्द आहे. लाकूड, कोळसा, कौले, गवत आणि बंदुकीची दारू अशी ही यादी वाचली, म्हणजे शहराच्या या कडेवर ज्वालाग्राही मालाचा केवढा साठा उतरत असे याची कल्पना येते. कुलाब्याहून शिवडीकडे हलविलेला कापसाचा बाजारही याच पट्ट्यात आला. 'कॉटन ग्रीन' या स्थानकाच्या नावात तो टिकून आहे.

कोकणातील आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांतील जंगलांचा कोळसा पाडण्याचे कष्टाचे काम प्रामुख्याने कातकऱ्यांच्या वाट्याला आले. तेथून निघालेला माल शहरातील वखारींत पोहोचे. 'वखार' हा शब्द मुळात व्यापारी कोठारासाठी होता; सुरतेची वखार, राजापूरची वखार हे प्रयोग इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. गिरणगावात मात्र वखार म्हणजे नाक्यावरचे लाकूड-कोळशाचे दुकान. अर्थाचा हा संकोच ज्या काळी घडला, तो काळ सरपण गोळा करण्याकडून सरपण विकत घेण्याकडे जाण्याचा आहे. कोकणातील बाई 'फाटी' गोळा करी, देशावरची बाई 'गोवऱ्या' थापी. मुंबईत आल्यावर दोघींनाही वखारीतून पैसे मोजून जळण आणावे लागे. ज्याला किंमत पडते ते वाया जाऊ द्यायचे नाही, हा हिशेब पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवला पाहिजे.

(३)

'चूल' हा शब्द संस्कृत 'चुल्ली' पासून आला आहे. गावाकडील चूल मातीची, जमिनीला जखडलेली आणि सारवलेली असे. तिच्या अंगाला 'वैल' असे. मुख्य जाळाची उरलेली धग तेथे वापरली जाई. घर कौलारू अथवा गवताने शाकारलेले असल्याने धूर वर चढून फटींतून बाहेर पडे. तो केवळ उपद्रवी नव्हता. छपराच्या लाकडाला कीड लागू न देणे, माळ्यावरचे पावसाळी सरपण सुके ठेवणे ही कामे त्याच्याकडून होत. धुराड्यावाचून ती घरे चालली, कारण छप्पर हेच त्यांचे धुराडे होते.

गावच्या चुलीभोवती काही नियम होते. रात्रीचे जेवण आटोपल्यावर निखारे बाजूला काढून चुलीला पोतेरे द्यायचे, हा त्यांतील एक. हा नियम शुचितेचा म्हणून सांगितला जाई. परंतु ओल्या मातीचा हात फिरविण्यापूर्वी जाळ विझला आहे की नाही हे पाहावेच लागे. त्यामुळे घर झोपण्यापूर्वी विस्तवावर एक शेवटची नजर पडे. दुसरा नियम निखारा राखेखाली झाकून ठेवण्याचा. सकाळी फुंकणीने फुंकले की तो पुन्हा पेटे आणि आगपेटीची काडी वाचे. 'राख' आणि 'राखणे' या दोन्ही शब्दांचे मूळ व्युत्पत्तिकार 'रक्ष्' या धातूकडे नेतात. निखारा राखणारी ती राख, असा अर्थ लोकमानसात सहज रुजला असल्यास नवल नाही.

चाळीतल्या खोलीत ही चूल आली, तेव्हा तिच्या सभोवतीचे घर बदलले होते. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतरच्या अर्धशतकात रत्नागिरी, सावंतवाडी आणि सातारा या भागांतून आलेले कामगार ज्या चाळींत राहिले, त्यांतील खोलीचा घाट सर्वपरिचित आहे : एका कोपऱ्यात मोरी, मोरीलगत चूल, वर पोटमाळा, कपड्यांसाठी आडवी दांडी आणि पुढे सामाईक गॅलरी. वरच्या मजल्याच्या खोलीला छपराच्या फटी नव्हत्या. तिच्या डोक्यावर दुसऱ्या बिऱ्हाडाची जमीन होती. गावच्या माळ्याचे काम पोटमाळ्याकडे आले आणि सरपण, अंथरुणे, ट्रंका तेथे एकत्र आल्या. जाळाच्या वर कोरडे लाकूड ठेवण्याची जुनी रीत उंच छपराखाली निभावली. हात पोहोचेल एवढ्या उंचीवरच्या पोटमाळ्याखाली तीच रीत आगीला आमंत्रण ठरू शकत होती.

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबई सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि घरांतील हवा व उजेड यांचा आग्रह धरला जाऊ लागला. १९२० नंतर विकास खात्याने शिवडी, नायगाव, वरळी आणि डिलाइल रोड येथे काँक्रीटच्या चाळी बांधल्या. परंतु खिडकी असणे आणि ती उघडी राहणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. गॅलरीत उघडणाऱ्या खिडकीतून धूर बाहेर जातो तो शेजाऱ्याच्या दारात. पावसात ती लावावी लागते, थंडीत लावावीशी वाटते आणि आडोसा हवा असला तरी लावावी लागते. धुराची वाट अशा रीतीने शेजारधर्माच्या, ऋतूच्या आणि लज्जेच्या अधीन झाली.

(४)

या वस्तीतील विस्तवासंबंधीचा सर्वांत बोलका पुरावा १९२२ सालचा आहे. मुंबई सरकारने स्त्री-कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. एफ्. डी. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांचा वृत्तांत त्या वर्षी सरकारच्या लेबर गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील सुमारे १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा खोलीत सहा कुटुंबे राहत असल्याचे त्यांस आढळले. जमिनीवर सहा वेगळ्या चुली होत्या, यावरून त्यांनी कुटुंबांची संख्या ताडून पाहिली. मुले धरून त्या खोलीत तीस माणसे होती. आढ्याला टांगलेल्या बांबूंवर रात्री कपडे आणि गोणपाट टाकून प्रत्येक बिऱ्हाड आपला वाटा आडोशात घेई. सहा स्त्रियांपैकी तिघी गरोदर होत्या आणि त्यांचे दिवस भरत आले होते. सहा चुलींच्या धुराने भरलेली रात्रीची ती हवा आई व मूल या दोघांनाही अपायकारक आहे, हे बार्न्सबाईंनी स्पष्टपणे नोंदविले.

या नोंदीकडे गृहनिर्माणाच्या अभ्यासकांनी गर्दीचा पुरावा म्हणून पाहिले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्यात आणखी एक गोष्ट आहे. कुटुंब मोजण्याचे माप म्हणून येथे चूल वापरली गेली आहे. मराठीत हे माप जुनेच आहे. भाऊ विभक्त झाले म्हणजे 'चुली वेगळ्या झाल्या' असे म्हणतात. सगळ्या घराला जेवणाचे बोलावणे असले म्हणजे ते 'चूलबंद' आमंत्रण. भारतीय जनगणनेतही कुटुंबाची व्याख्या एका स्वयंपाकावर जेवणाऱ्यांचा गट अशीच केली जाते. सहा बिऱ्हाडांनी एकाच चुलीवर आळीपाळीने रांधले असते, तर धूर आणि जळण दोन्ही कमी झाली असती. परंतु तसे करणे म्हणजे सहा कुटुंबांनी आपले वेगळे अस्तित्व सोडणे होते. जात, गाव आणि खाणेपिणे यांच्या मर्यादा शिवाय होत्याच. धोका अज्ञानातून आला, असे म्हणून हे प्रकरण निकालात काढता येत नाही. चूल ही प्रतिष्ठेची शेवटची खूण होती आणि खोली लहान होती. १९३१ च्या जनगणनेनुसार मुंबईतील सुमारे ७४ टक्के लोक एकेका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होते, हे लक्षात घेता बार्न्सबाईंची खोली टोकाची असली तरी तिच्यामागची परिस्थिती सार्वत्रिक होती.

याच वस्तीत खानावळवाल्या बायका होत्या. एकट्या राहणाऱ्या कामगारांना त्या घरच्या चुलीवर रांधून घालीत. गिरण्या पाळ्यांनी चालत, त्यामुळे या चुलीही पाळ्यांनी चालत. रात्री पोतेरे देऊन चूल निजविण्याचा गावचा क्रम तेथे उरणे शक्य नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांबरोबर या खानावळींचेही गिऱ्हाईक ओसरले.

(५)

चुलीच्या जोडीला, आणि पुष्कळ घरांत चुलीच्या जागी, शेगडी आली. अमरकोशात 'अंगारशकटी' हा शब्द आहे. विस्तवाची गाडी, असा त्याचा अर्थ. 'शेगडी' आणि गुजराती 'सगडी' यांचा संबंध या 'शकटी'शी जोडला जातो. नावातच हलविता येण्याचा गुण सांगितलेला आहे. चूल जागेला बांधलेली, शेगडी हातात धरून नेता येणारी. ती गॅलरीत पेटवावी, धूर ओसरला व निखारे फुलले म्हणजे आत आणावी, अशी रीत चाळींत पडली. धुराच्या दृष्टीने ही मोठीच सुधारणा होती.

परंतु येथेच एक फसगत होती. लाकडी कोळसा नीट पेटला की त्याला धूर जवळजवळ नसतो. म्हणून तो निर्धोक, असा समज झाला. वास्तविक अपुऱ्या हवेत जळणाऱ्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी त्याची जवळीक प्राणवायूच्या दोनशे पटींहूनही अधिक असते. डोके जड होणे, मळमळणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे. झोपलेल्या माणसाला ती कळतही नाहीत. धुराने माणूस खोकतो, उठतो, दार उघडतो. या वायूने तो अधिक गाढ झोपतो.

मराठीत धुरासाठी शब्दांची वाण नाही : धूर, धुरळणे, धुरी, काजळी, कोंदणे, घुसमटणे. हे सारे शब्द दिसणाऱ्या, झोंबणाऱ्या अथवा दम कोंडणाऱ्या गोष्टीचे आहेत. न दिसणाऱ्या आणि न झोंबणाऱ्या या वायूला बोलीत स्वतंत्र नाव पडले नाही. जे अनुभवास येत नाही त्याला नाव पडत नाही, आणि ज्याला नाव नाही त्याबद्दल सासू सुनेला बजावीत नाही. चुलीचे नियम पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आले. कोळशाच्या या वायूचा नियम तसा चालत येऊ शकला नाही.

निखारा राखेखाली राखण्याची रीत या संदर्भात पुन्हा पाहिली पाहिजे. राखेखालचा निखारा म्हणजे कमी हवेत मंद जळणारा कोळसा. कौलारू घरात त्यातून निघणारा वायू छपराच्या फटींतून जाई. बंद खोलीत तो साठतो. एकच कृती एका घरात काटकसर असते आणि दुसऱ्या घरात प्राणघातक ठरू शकते. दोष कृतीचा की खोलीचा, हा प्रश्नच चुकीचा आहे; धोका त्या दोहोंच्या संबंधात असतो.

या सर्वांत नाजूक प्रसंग बाळंतिणीच्या शेगडीचा. बाळंतिणीला शेक द्यायचा, ओवा, बाळंतशेपा, धूप यांची धुरी द्यायची, बाळाचे अंग शेकायचे आणि दोघांना वारा लागू द्यायचा नाही, ही परंपरा महाराष्ट्रात सर्वत्र आहे. तिच्यात प्रेम आहे, अनुभव आहे आणि विश्रांतीची सोयही आहे. परंतु 'वारा लागू द्यायचा नाही' म्हणून दार-खिडकी लावलेली खोली, बाजेखाली ठेवलेली कोळशाची शेगडी आणि तान्हे मूल ही तीन एकत्र आली, म्हणजे सांगितलेला सर्व धोका एका जागी येतो. तान्ह्या मुलाचा श्वासोच्छ्वास मोठ्या माणसापेक्षा जलद असल्याने विषारी हवेचा परिणामही त्याच्यावर लवकर होतो. कोरियात खोल्या उबविण्यासाठी जळणाऱ्या कोळशाच्या वड्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ बळी घेतले. उत्तर भारतात बंद खोलीतील अंगीठीने माणसे दगावल्याच्या बातम्या आजही थंडीच्या दिवसांत येतात. तेथे कारण थंडीचे असते, येथे माया हे कारण असे, वायू तोच.

या मालिकेत पाणी तापविण्याचा तांब्याचा बंब वेगळा पडतो. त्याच्या पोटातून वर जाणारी नळी हे त्याचे धुराडे. चाळीतल्या घरात धुराडे असलेले उपकरण बहुधा एवढे एकच. 'बंब' हा शब्द पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पाणी उपसण्याचे यंत्र, यापासून आला असावा. आग विझविणारी गाडीही 'बंब'च. विस्तव पोटात बाळगणारे भांडे आणि विस्तवावर धावून जाणारी गाडी या दोघांना मराठीने एकच नाव दिले आहे.

(६)

लाकूड-कोळसा महाग झाला तशी भुशाची शेगडी वापरात आली. पत्र्याच्या डब्यात मध्ये दांडा उभा धरून लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग दांडा काढून घेऊन खालच्या भोकातून पेटवायचे. ती तासन्‌तास जळे. तिचा गुण तोच तिचा अवगुण : पेटली की मधेच विझविणे अवघड.

त्यानंतरचा टप्पा तेलाचा. स्वीडनमधील लिंडक्विस्ट याने १८९२ मध्ये काढलेला दाबाचा स्टोव्ह विसाव्या शतकात मुंबईच्या घराघरात पोहोचला. तेलाला येथे दोन नावे मिळाली : 'रॉक ऑइल' वरून रॉकेल आणि 'गॅसलाइट' वरून घासलेट. स्टोव्हने धूर कमी केला, वेळ वाचविला. परंतु विस्तवाबरोबर दाब आणि द्रवरूप इंधन ही दोन नवी संकटे घरात आणली. तोंड तुंबले की पिन मारायची, जाळ मंदावला की पंप मारायचा, पेटत्या स्टोव्हमध्ये तेल ओतायचे नाही, हे नियम नव्याने शिकावे लागले. जमिनीवरचा स्टोव्ह, बसून रांधणारी बाई आणि नायलॉनचे लुगडे ही जोडी जीवघेणी होती.

याच काळात 'स्टोव्हचा भडका उडून' हा वाक्प्रयोग वृत्तपत्रांत रूढ झाला. या रचनेत कर्ता नाही; भडका आपोआप उडतो आणि बाई भाजते. अनेक प्रसंगी ते खरेही असे. परंतु हुंड्यासाठी झालेल्या छळाची आणि हत्यांची प्रकरणे उजेडात येऊ लागली, तेव्हा त्या अकर्तृक वाक्याने काय काय झाकले होते याची जाणीव समाजाला झाली. भारतीय दंडसंहितेत १९८३ मध्ये ४९८-अ आणि १९८६ मध्ये ३०४-ब ही कलमे आली, ती या पार्श्वभूमीवर. घरगुती विस्तवाच्या इतिहासात अपघात आणि अपराध यांची सीमारेषा भाषेच्या आड लपू शकते, हे अभ्यासकाने विसरू नये.

(७)

१९५५ मध्ये बर्मा शेल कंपनीने मुंबईत द्रवरूप इंधनवायूचे सिलिंडर घरोघर देण्यास आरंभ केला. कामगारवस्तीत ते सावकाश पोहोचले. त्यांच्याबरोबर 'ओटा' या शब्दाचा अर्थही सरकला. घराबाहेर बसण्याची जागा ती ओटा; आता ओटा म्हणजे उभ्याने रांधण्याचा कट्टा. विस्तव जमिनीवरून कमरेच्या उंचीवर आला. रांगते मूल आणि जाळ यांच्यामधील हे अंतर मोठ्या सुधारणांच्या यादीत क्वचित नोंदले जाते.

या वायूला स्वतःचा वास नसतो; गळती कळावी म्हणून त्यात मर्केप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. कोळशाच्या वायूने जी सूचना कधी दिली नाही, ती येथे मुद्दाम निर्माण केली गेली. सिलिंडरचा वायू हवेहून जड असल्याने तो जमिनीलगत साठतो. म्हणून वरची खिडकी पुरत नाही, दारही उघडावे लागते आणि विजेच्या बटणाला हात लावायचा नसतो. १९९५ मध्ये महानगर गॅस कंपनी स्थापन झाल्यानंतर नळाने येऊ लागलेला नैसर्गिक वायू याच्या उलट हलका असतो आणि वर चढतो. धूर वर, कोळशाचा वायू खोलीभर, घासलेट भांड्यात, सिलिंडरचा वायू खाली, नळाचा वायू पुन्हा वर : इंधन बदलले की धोक्याची जागा बदलते. मागील इंधनासाठी बनलेली सवय पुढील इंधनाला पुरी पडत नाही, हा या इतिहासाचा पहिला निष्कर्ष होय.

दुसरा निष्कर्ष असा की, सुरक्षिततेचे नियम विस्तवाला लागू असतात तितकेच खोलीलाही असतात. दार व समोरची खिडकी दोन्ही उघडी असणे, जाळाच्या वर व भोवती हातभर मोकळी जागा असणे, निजण्यापूर्वी पेटती शेगडी घराबाहेर काढणे या गोष्टी शहाणपणाच्या आहेत. परंतु पंधरा फुटांच्या खोलीत सहा बिऱ्हाडे असतील, तर शहाणपणाला जागाच उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातील इंधनाच्या प्रदूषणाने जगात सुमारे ३२ लाख मृत्यू घडले. हा आकडा स्वयंपाक करणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचा नाही. तो त्यांच्या इंधनाचा आणि त्यांच्या घरांचा आहे.

आज काळाचौकीतील वखारी दिसेनाशा झाल्या आहेत आणि जुन्या चाळींच्या जागी मनोरे उभे राहत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना आणि उपाहारगृहांना इंधन बदलण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. सरपणाचा शहरातील उरलासुरला व्यवहारही त्यामुळे आटत आहे. एक अवशेष मात्र कायम आहे. बाळंतिणीची शेगडी पुष्कळ घरांत आजही पेटते, आणि नव्या घरांच्या खिडक्या जुन्या खिडक्यांपेक्षा अधिक घट्ट बसतात. ज्या बायकांनी चूल, शेगडी, स्टोव्ह आणि गॅस हे चारही विस्तव एका आयुष्यात हाताळले, त्या अद्याप या वस्तीत आहेत. त्यांचे शब्द, त्यांचे नियम आणि त्यांच्या अंगावरचे डाग यांची नोंद करण्याचे काम इतिहास आणि भाषाशास्त्र या दोन्ही विभागांतील विद्यार्थ्यांनी विनाविलंब हाती घेण्यासारखे आहे. त्या नोंदीबरोबर एक गोष्ट त्यांनी त्या घरांना सांगूनही यावी : शेगडी आत असेल तोवर खिडकी उघडी ठेवावी, आणि मूल झोपले की शेगडी बाहेर न्यावी.